आमची मॅच, आमचीच बातमी!

एका फुटबॉल कोचनं आयुष्यात ४०८ मॅचेस जिंकल्या. रेकॉर्ड दणदणीत आहे, टाळ्या! पण हाच माणूस मॅचच्या आधी मैदानातलं गवत कापायचा, दौऱ्यावर निघताना पोरांसाठी सँडविचेस बांधून घ्यायचा आणि मॅच संपली की पेपरसाठी तिची बातमीसुद्धा स्वतःच लिहायचा. माहीत आहे का, कोण हा?

एडी रॉबिन्सन. मुक्काम पोस्ट ग्रॅम्बलिंग, लुइझियाना, अमेरिका. एकच नोकरी, १९४१ ते १९९७.

सँडविचेस कशाला? कारण तेव्हा दक्षिणेतल्या हॉटेलांवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी असायची. बातमी कशाला? कारण बड्या पेपरांना कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातल्या मॅचचं फारसं सोयरसुतक नव्हतं. मग काय! डबाही घरचा आणि बातमीही घरचीच.

(फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल बरं का. लंबगोल बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड. पायाचा संबंध नावापुरता. पुढे घोळ नको म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

ही जी कॉलेजं आहेत ना, त्यांना अमेरिकेत म्हणतात एचबीसीयू, म्हणजे हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज. १९६५च्या कायद्यात व्याख्याच आहे: १९६४च्या आधी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्था. आज अशा साधारण शंभर आहेत. सगळ्यात जुनी पेनसिल्व्हेनियातली चेनी, १८३७ची. पण खरी रांग लागली ती गुलामगिरी संपल्यावर. फिस्क १८६६, हॉवर्ड १८६७, मोअरहाउस १८६७, हॅम्प्टन १८६८.

आता सांगा, ‘गुलामगिरी’ म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं? बरोब्बर! जोतीराव फुल्यांचं १८७३चं पुस्तक. आणि ते अर्पण केलंय कुणाला? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना! म्हणजे तिकडे ही कॉलेजं नुकती रांगत होती, तेव्हाच पुण्यातून त्या मुक्तीला सलाम गेला होता.

चला, मैदानात उतरू.

बर्फात हरवलेली रेघ

ब्लॅक कॉलेजांमधली पहिली फुटबॉल मॅच कधी झाली, माहीत आहे का? २७ डिसेंबर १८९२, सॉल्झबरी, नॉर्थ कॅरोलायना. लिव्हिंगस्टन कॉलेज विरुद्ध बिडल युनिव्हर्सिटी. लिव्हिंगस्टनच्या पोरांनी वर्गणी काढून बॉल आणला, रोजच्याच बुटांना खालून खिळे ठोकून घेतले आणि युनिफॉर्म शिवले कॉलेजच्या शिवणवर्गातल्या मुलींनी. फुल्ल इन-हाउस प्रॉडक्शन!

मॅच रंगली, बर्फ पडायला लागला. लिव्हिंगस्टनच्या एका खेळाडूनं सुटलेला बॉल उचलला, धावला, स्कोअर केला. बिडलवाले ओरडले, ‘बाहेर! बाहेर!’ पण बाहेर म्हणजे कुठून बाहेर? रेघा सगळ्या बर्फाखाली. पंचांनी कौल दिला बिडलला आणि मॅच गेली. थर्ड अंपायर नव्हता, रिप्ले नव्हता. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी ही मॅच लिहिणारा प्रत्येक जण त्या बर्फापाशी येऊन घसरतोच.

पोल की पोलखोल?

१९२० साली ‘पिट्सबर्ग कुरियर’ या ब्लॅक साप्ताहिकानं एक धमाल सुरू केली. दर सीझनला ते जाहीर करायचे, यंदाचा ब्लॅक कॉलेज नॅशनल चॅम्पियन अमुक! फायनल नाही, प्लेऑफ नाही. पेपर म्हणेल तो राजा. मुख्य प्रवाहाच्या यादीत नाव येणारच नसेल, तर यादीच आपली काढायची.

ती सवय आजही सुटलेली नाही. पोल भरपूर, त्यामुळे चॅम्पियनही कधीकधी भरपूर! एकाच वर्षी दोन कॉलेजं छाती फुगवून फिरतायत, असं कितीदा तरी झालंय. शेवटी २०१५पासून अटलांटात सेलिब्रेशन बोल ही मॅच सुरू झाली. मीॲक आणि स्वॅक या दोन मोठ्या ब्लॅक कॉन्फरन्सचे विजेते भिडतात, टीव्हीवर थेट. आता तरी वाद मिटला? छे! वाद मिटला तर ऑनलाइन लिहिणाऱ्यांनी सोमवारी काय लिहायचं?

एका पोलचं नाव तर ऐका: बॉक्सटुरो. डोकेदुखीवरची गोळी वाटते ना? मूळ आहे ‘फ्रॉम द प्रेस बॉक्स टू प्रेस रो’ हा रेडिओ शो. प्रेस बॉक्समधला बॉक्स, मधला टू, शेवटचा रो. जोडा, झालं नाव तयार.

पेनवाला स्टीलर्सकडे गेला

ही आमची फेव्हरिट गोष्ट, त्यामुळे इथे जरा बसून घ्या.

बिल नन ज्युनिअर हा त्याच ‘कुरियर’चा स्पोर्ट्स एडिटर. दरवर्षी तो ब्लॅक कॉलेजांमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची ऑल-अमेरिका टीम निवडायचा. त्यासाठी गावोगाव हिंडायचा, कोचेसच्या घरी जेवायचा, कुठला पोरगा किती वेगात पळतो हे त्याला तोंडपाठ. आणि गंमत म्हणजे पिट्सबर्गची स्वतःची प्रो लीगमधली, म्हणजे एनएफएलमधली टीम, स्टीलर्स, तिच्यावर मात्र तो रुसलेला. ब्लॅक कॉलेजांकडे ते ढुंकून बघत नाहीत, ही तक्रार.

मालकांच्या मुलानं, डॅन रूनीनं, ती ऐकली. आणि काय केलं? तक्रार करणाऱ्यालाच नोकरी दिली! १९६७मध्ये नन आधी पार्टटाइम स्काउट झाला आणि मग फुलटाइम. पत्रकारानं पेन खिशाला लावलं आणि हातात स्टॉपवॉच घेतलं.

आता सीन बघा. अलाबामा ए अँड एम कॉलेज. वेगवेगळ्या टीम्सचे स्काउट जॉन स्टॉलवर्थ नावाच्या रिसीव्हरला पळवून बघतायत. पण मैदान ओलं. टायमिंग आलं सुमार. सगळ्यांनी वहीत काहीतरी खरडलं आणि पुढच्या गावाला निघाले. नन म्हणाला, ‘मला जरा बरं वाटत नाहीये, तुम्ही व्हा पुढे.’ दुसऱ्या दिवशी साहेब टुणटुणीत! कोरड्या जागी स्टॉलवर्थला पुन्हा पळवलं आणि घड्याळानं खरं टायमिंग दाखवलं. ते कुणाला कळलं? फक्त स्टीलर्सना.

१९७४च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो) स्टीलर्सनी स्टॉलवर्थला चौथ्या फेरीत उचललं. त्या एकाच ड्राफ्टमधले त्यांचे चार खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. शिवाय साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, त्यालाही त्यांनी बोलावून घेतलं. तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे! सत्तरच्या दशकात स्टीलर्सनी चार सुपर बोल जिंकले. २०२१मध्ये खुद्द ननचा मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. खोट्या आजारपणाचा इतका खरा फायदा आणखी कुणाला झाला असेल, असं वाटत नाही.

बोनस घ्या! ननचा मुलगाही बिल नन. तो झाला ॲक्टर. स्पाइक लीच्या १९८९च्या ‘डू द राइट थिंग’मध्ये भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारा रेडिओ रहीम आठवतो? तोच.

सोनेरी पेन आणि प्राचार्य कोच

परत ग्रॅम्बलिंगला. १९४८मध्ये तिथे कॉली निकल्सन नावाचा तरुण आला. दुसऱ्या महायुद्धात मरीन्सचा युद्धवार्ताहर होता, आता कॉलेजचा प्रसिद्धीप्रमुख. खेड्यातल्या कॉलेजच्या मॅचच्या बातम्या तो देशभरातल्या ब्लॅक पेपरांना पाठवायचा. पठ्ठ्याला लोक ‘सोनेरी पेनवाला’ म्हणायला लागले.

१९६८मध्ये त्यानं ग्रॅम्बलिंगला थेट न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये नेलं. मॉर्गन स्टेटविरुद्ध ९-७ अशी मॅच हरले, पण ६० हजारांवर माणूस बघायला आला. १९७६मध्ये तर टोकियो! जपान्यांशी बोलणी करायची म्हणून तो जपानी शिकला, असं सांगतात. सोशल मीडिया मॅनेजर हे पद तेव्हा नव्हतं. माणूस मात्र होता.

आणि या कॉलेजचे अध्यक्ष राल्फ वाल्डो इमर्सन जोन्स माहीत आहेत का? १९३६ ते १९७७ कॉलेज चालवलं आणि त्याच जोडीला कॉलेजच्या बेसबॉल टीमचे कोचही तेच! सकाळी फायली, दुपारी फलंदाजी. रजेचा अर्ज कोचकडे द्यायचा की अध्यक्षांकडे, हा प्रश्नच मिटला.

कोळून प्यायलेला स्क्रोल

आता येऊ मोबाइलवर. जॅक्सन स्टेटची मॅच मिसिसिपीत दुपारी दोनला सुरू झाली की आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. म्हणजे इथे शनिवार संपून रविवार लागला, घरातले घोरतायत आणि तुमच्या उशीखाली ट्रम्पेट वाजतंय. स्वानुभव आहे, हेडफोन लावा.

‘एचबीसीयू गेमडे’ निघालं २०१२मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून. ईएसपीएननं २०१६मध्ये ‘द अनडिफिटेड’ काढलं, २०२२मध्ये त्याचं नाव झालं ‘अँडस्केप’. ‘एचबीसीयू गो’ हे स्ट्रीमिंग चॅनल २०२१मध्ये बायरन ॲलनच्या मीडिया ग्रुपनं विकत घेतलं. हा ॲलन मूळचा स्टँड-अप कॉमेडियन! हसवता हसवता चॅनलवाला झाला.

या साइट्सवर एक मजा सतत दिसते. हायलाइट्समध्ये टचडाऊन असतोच, पण त्याच्या शेजारी हटकून बँडचा व्हिडिओ. आणि कमेंटमधली खरी मारामारी बहुतेकदा बँडखालीच चाललेली असते.

पाचवा क्वार्टर!

फुटबॉल मॅचमध्ये क्वार्टर किती? चार. ब्लॅक कॉलेजच्या मॅचमध्ये? पाच! मॅच संपली, स्कोअर लागला, टीम आंघोळीला गेली. स्टेडियम मात्र जागचं हलत नाही. कारण आता दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून एकमेकांची जिरवणार. यालाच म्हणतात फिफ्थ क्वार्टर. हाफटाइमलाही तेच. बाकी अमेरिका तेव्हा हॉटडॉग आणायला उठते, इथे हॉटडॉगवाला गाडी सोडून बघायला येतो. ढोल-ताशा पथकात घाम गाळलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

नावं तरी बघा: सदर्नचं ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’, जॅक्सन स्टेटचं ‘सॉनिक बूम ऑफ द साउथ’, टेक्सस सदर्नचं ‘ओशन ऑफ सोल’. फ्लोरिडा ए अँड एमचं ‘मार्चिंग हंड्रेड’ म्हणजे शंभर जण? अहो नाही, कितीतरी जास्त! १९८९मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या परेडमध्ये अमेरिकेकडून हेच बँड नाचत गेलं.

१९६७च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलमध्ये ग्रॅम्बलिंगचं बँड वाजलं. आणि २०२३मध्ये टेनेसी स्टेटच्या ‘ॲरिस्टोक्रॅट ऑफ बँड्स’नं गॉस्पेल अल्बमसाठी चक्क ग्रॅमी मारलं. कॉलेजच्या मार्चिंग बँडला ग्रॅमी, ही पहिलीच वेळ!

नावात काय आहे? बातमीदार आहे!

बास्केटबॉलमधला अर्ल ‘द पर्ल’ मनरो. हा मोती आला कुठून? विन्स्टन-सेलम स्टेटकडून १९६६-६७च्या सीझनमध्ये तो मॅचमागे सरासरी ४१.५ पॉइंट्स ठोकत होता. गावातल्या पेपरच्या बातमीदारानं त्याच्या पॉइंट्सना म्हटलं ‘अर्लचे पर्ल्स’, अर्लचे मोती. शिंपला फुटला, नाव जन्मभर गळ्यात पडलं. त्याच वर्षी या टीमनं एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेचं कॉलेज डिव्हिजन विजेतेपद जिंकलं. बास्केटबॉलमध्ये एनसीएएचा किताब मिळवणारं हे पहिलं ब्लॅक कॉलेज.

कोच होते क्लॅरेन्स ‘बिग हाउस’ गेन्स. कॉलेजच्या पहिल्या दिवसांत त्यांचा देह बघून कुणीतरी म्हणालं होतं, तुझ्यापेक्षा मोठं मी फक्त घरच बघितलंय! झालं बारसं. एकूण विजय ८२८.

याच बिग हाउसच्या टीममधल्या एका पोरानं कॉलेजच्या पेपरात कॉलम लिहिला: तब्येत बरी नाही, कोचनी आता निवृत्त व्हावं. टीममध्ये राहून कोचला घरी बसायला सांगायचं! हा धीट कॉलमिस्ट कोण, माहीत आहे का? स्टीफन ए. स्मिथ. ईएसपीएनवर रोज सकाळी ज्याचा आवाज टीव्ही फोडून बाहेर येतो, तोच. मुलाचे पाय प्रेस बॉक्समध्ये दिसतात, दुसरं काय!

पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बॉलसकट जमिनीवर लोळवलं की त्याला ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय डीकन जोन्सला जातं. तोही ब्लॅक कॉलेजचाच. प्रतिस्पर्ध्याला पोत्यात घालायची कल्पना त्याची.

राईस प्लेट

मिसिसिपी व्हॅली स्टेट, गाव इट्टा बेना. नाव ऐकलंय? नसेल. पण जेरी राईस ऐकलं असेलच. वडील गवंडी. सुट्टीत भावाबरोबर कामावर जायचा, खालून विटा यायच्या आणि हा वर झेलायचा. विटेनंतर बॉल म्हणजे उशीच की हो!

१९८४मध्ये कोच आर्ची ‘गनस्लिंगर’ कूलीच्या टीमनं मॅचमागे सरासरी साठच्या वर पॉइंट्स कुटले. क्वार्टरबॅक विली टॉटन, टोपणनाव सॅटेलाइट. राईसचं टोपणनाव तर थेट ‘वर्ल्ड’. सॅटेलाइटनं फेकायचं आणि वर्ल्डनं झेलायचं! एनएफएलमध्ये राईसच्या नावावर २२,८९५ रिसीव्हिंग यार्ड्स आहेत. कॉलेजचं स्टेडियम आज राईस-टॉटन म्हणून ओळखलं जातं.

एक चकवा. कॉलेज फुटबॉलच्या एफसीएस या पातळीवर दरवर्षी चार मोठे पुरस्कार देतात. सर्वोत्तम आक्रमक खेळाडू: वॉल्टर पेटन पुरस्कार. बचावपटू: बक बुकॅनन. नवखा खेळाडू: जेरी राईस. कोच: एडी रॉबिन्सन. यात सामाईक काय? चारही जण ब्लॅक कॉलेजांचे! पुरस्कार घेऊन जाणारं पोरगं कुठल्याही कॉलेजचं असो, ट्रॉफीवरचं नाव यांच्याच घरातलं.

लगेच कडू गोळी: २०२१च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये या सगळ्या कॉलेजांमधून निवडलेले खेळाडू किती? शून्य. एकट्या रॉबिन्सननं दोनशेवर खेळाडू प्रो लीगमध्ये धाडले होते. साइट्सवर दुसऱ्या दिवशी जे लेख आले, त्यांना तिखट वरून टाकावं लागलं नाही. पुढच्या वर्षी चार निवडले गेले.

न विचारलेला प्रश्न

३१ जानेवारी १९८८. ग्रॅम्बलिंगचा डग विल्यम्स सुपर बोल जिंकणारा पहिला ब्लॅक क्वार्टरबॅक ठरला. वॉशिंग्टन ४२, डेन्व्हर १०. त्यातले ३५ पॉइंट्स एका क्वार्टरमध्ये, टचडाऊनचे चार पास त्याच पंधरा मिनिटांत! बाकीची मॅच शिष्टाचार म्हणून खेळली गेली.

पण दंतकथा झाली ती मॅचआधीच्या एका प्रश्नाची. एका पत्रकारानं म्हणे विचारलं, ‘तू किती वर्षांपासून ब्लॅक क्वार्टरबॅक आहेस?’ जगभर हसू झालं. खरं तर प्रश्न जवळपास उलटा होता. तू जन्मभर ब्लॅक क्वार्टरबॅकच आहेस हे उघड आहे, पण त्याचा मुद्दा कधीपासून व्हायला लागला, असा. शहाणा प्रश्न गर्दीत हरवला, वेडा व्हायरल झाला. तेही इंटरनेटच्या आधी!

कोच म्हणा, कोच!

डिऑन सँडर्स. एनएफएलचा जुना स्टार, टोपणनाव प्राइम टाइम. २०२०मध्ये जॅक्सन स्टेटचा कोच झाला आणि ब्लॅक कॉलेजांवर कॅमेऱ्यांचा पूर आला. देशातला नंबर एकचा शाळकरी खेळाडू ट्रॅव्हिस हंटर डिसेंबर २०२१मध्ये फ्लोरिडा स्टेट सोडून चक्क जॅक्सन स्टेटला आला. स्पोर्ट्स साइट्सचे सर्व्हर घामाघूम झाले असतील! पुढे कोलोरॅडोत गेल्यावर २०२४चं हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार, त्यालाच मिळालं.

जुलै २०२१मध्ये मीडिया डेच्या दिवशी एका बातमीदारानं सँडर्सला नुसतं ‘डिऑन’ म्हटलं. साहेब भडकले. अलाबामाच्या निक सेबनला तुम्ही नुसतं निक म्हणता का, असं विचारलं आणि थोड्या वेळानं कॉल सोडून निघून गेले. आपल्याकडे गुरुजींना नावानं हाक मारायची कुणाची छाती नाही, तेव्हा याबाबतीत आमची थोडी सहानुभूती कोचला. थोडीच.

आणि ट्रिव्हिया असा की हा झगमगता कोच दोनदा सेलिब्रेशन बोलला पोचला आणि दोन्ही वेळा हरला. डिसेंबर २०२२मध्ये कोलोरॅडोला गेला. कॅमेरे गेले का त्याच्यामागे? काही गेले. पण डिसेंबर २०२४मध्ये एनएफएलचाच जुना स्टार मायकेल विक नॉरफोक स्टेटचा कोच झाला आणि त्याचा ईगल्स टीममधला जुना साथीदार डिशॉन जॅक्सन डेलावेअर स्टेटचा. ट्रायपॉड पुन्हा उघडले.

फटाफट!

माहीत आहे का, सलग किती मॅच हरता येतात? प्रेअरी व्ह्यू ए अँड एम: ८०! १९८९पासून हरत होते, २६ सप्टेंबर १९९८ला लँगस्टनला १४-१२नं हरवलं. एकेकाळी हीच टीम ब्लॅक नॅशनल चॅम्पियन होती.

एनसीएए बास्केटबॉलमध्ये पंधराव्या मानांकितानं दुसऱ्याला उडवलं, असं २०२३पर्यंत ११ वेळा झालं. त्यातली तीन कॉलेजं ब्लॅक: कॉपिन स्टेट १९९७, हॅम्प्टन २००१, नॉरफोक स्टेट २०१२. नॉरफोकचा काइल ओक्विन मॅचनंतर कबूल करून बसला की आम्ही माझं स्वतःचंच भाकीतपत्रक बिघडवलं. म्हणजे त्यानंही पैज दुसऱ्यावरच लावली होती!

लॅक्रॉस हा अमेरिकेत श्रीमंत गोऱ्या मुलांचा खेळ समजला जायचा. १९७५मध्ये बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटनं अव्वल वॉशिंग्टन अँड लीला त्यांच्याच घरात ८-७नं हरवलं.

एकाच माणसाकडे ऑलिंपिक सुवर्ण आणि सुपर बोलची अंगठी? फ्लोरिडा ए अँड एमचा बॉब हेज. १९६४च्या टोकियोत शंभर मीटर जिंकला, तेव्हा पायातला एक बूट उसना होता.

टेनेसी स्टेटच्या मुली म्हणजे ‘टायगरबेल्स’. कोच एड टेम्पल यांच्या हाताखालून ४० ऑलिंपियन निघाल्या. विल्मा रुडॉल्फ २२ भावंडांतली विसावी, लहानपणी पोलिओ, पायाला ब्रेस. १९६०ला रोममध्ये तीन सुवर्णं! तिथल्या ४ बाय १०० रिलेतल्या चारही मुली टायगरबेल्सच.

त्याआधी १९४८च्या लंडनमध्ये ॲलिस कोचमननं उंच उडीत सुवर्ण मिळवलं. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. टस्कीगी आणि ऑल्बनी स्टेटची विद्यार्थिनी. त्याच लंडनमध्ये गोळेश्वरचे खाशाबा जाधव मॅटवर पहिल्यांदा उतरले होते आणि सहावे आले होते.

महिलांच्या एनसीएए बास्केटबॉलची पहिली फायनल, १९८२. लुइझियाना टेकसमोर कोण? चेनी! तीच १८३७वाली. हरल्या, पण पोचल्या.

मोअरहाउस कॉलेजला धावायचा ट्रॅकच नव्हता. फिजिक्स शिकणारा एडविन मोझेस जवळच्या शाळांच्या मैदानांवर सराव करायचा. १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं सुवर्ण, मग जवळजवळ दहा वर्षं एकही रेस हरला नाही. ओळीनं १२२! याच मोअरहाउसला २७ वर्षं अध्यक्ष लाभले ते बेंजामिन मेज १९३६च्या अखेरीस गांधीजींना भेटायला कुठे आले होते, माहीत आहे का? वर्ध्याला!

सगळ्यात मोठी बातमी, जी छापलीच नाही

१२ मार्च १९४४. रविवारची सकाळ, डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना. गाव चर्चमध्ये. पोलीसही, बहुधा.

उसन्या गाड्यांतून काही गोरी पोरं आडवळणानं नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर निग्रोजच्या जिमपाशी आली. कोट डोक्यावर ओढून आत शिरली. दार आतून बंद. ही ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलची बास्केटबॉल टीम. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं दक्षिणेत तेव्हा बेकायदा. जीवाला धोका, तो वेगळाच.

यजमानांचे कोच जॉन मॅक्लेंडन. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ कॅन्ससमध्ये शिकवत होता, त्याच्याच हाताखाली ते खेळ शिकलेले. कॅन्ससच्या टीममध्ये मात्र त्यांना खेळू दिलं नव्हतं. त्यांची पोरं वाऱ्यासारखी पळायची. ड्यूकवाल्यांनी असा वेग बघितलाच नव्हता. स्कोअर ८८-४४. बरोब्बर दुप्पट! भिंतीवर चढून खिडकीतून डोकावणारे चार-दोन विद्यार्थी, एवढेच प्रेक्षक.

मग जे झालं ते स्कोअरबोर्डवर कुठेच नाही. थोडा दम खाऊन दोन्ही टीम्सनी खेळाडूंची अदलाबदल केली आणि मिसळून पुन्हा एक मॅच खेळली. एका बाजूचे शर्ट घालून, दुसऱ्या बाजूचे शर्ट काढून.

आता गंमत ऐका. डरहॅमच्या ‘कॅरोलायना टाइम्स’ या ब्लॅक साप्ताहिकाच्या एका बातमीदाराला याचा सुगावा लागला. जन्मात एकदा मिळावा असा स्कूप! पण छापला तर दोन्हीकडच्या पोरांचं काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं शब्द दिला आणि पाळलाही.

ती मॅच छापून आली १९९६मध्ये, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराच्या हातून, न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात. मधे ५२ वर्षं. मॅक्लेंडन तेव्हा हयात होते आणि स्कोअर त्यांना पाठ होता.